मागचे पाटे

जुन्या जीपचं मागचं सस्पेन्शन सुधारायचंय असं मुंबईत कुणाजवळ बोललात की तीन सल्ले फुकट मिळतात. पहिला, दोन पाटे वाढवा, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या. दुसरा, गाडी उचला. तिसरा, विकून टाका. तिसरा सल्ला घरचे देतात, म्हणून त्यावर इथे काही लिहीत नाही. पहिल्या दोनांबद्दल मात्र बरंच लिहायचंय, कारण आमच्या जीपचं दुखणंच मुळात पहिल्या सल्ल्यातून आलेलं होतं. आधीच्या मालकाने तो मनावर घेतला होता.

गाडी महिंद्राची सीजे-थ्रीबी, आरसी बुकावर साल १९६८. विलीजने हे मॉडेल १९५३ मध्ये आणलं. नवं इंजिन उंचीला जास्त होतं, ते मावावं म्हणून बॉनेट वर उचललं, आणि त्यामुळेच ही जीप समोरून कायम भुवया उंचावल्यासारखी दिसते. महिंद्राने विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली ती चाळीसच्या दशकाच्या अखेरीस, इथेच माझगावात. माझ्याकडे येण्याआधी ही गाडी बरीच वर्षं शेतावर होती. खताच्या गोण्या, कांदा, पंपाचे पाइप, लग्नसराईत माणसं असं सगळं तिने वाहिलं. तिथे मागे पाटे वाढवणं बरोबरच होतं. पण आता मागे बसतात जास्तीत जास्त दोन माणसं, एक कुत्रा आणि टूलबॉक्स. पाच-सहा क्विंटलसाठी बांधलेल्या पाट्यांना एवढ्या वजनाची जाणीवही होत नाही.

शहरात याचा त्रास म्हणजे गचके. चेंबूरच्या गल्ल्यांतल्या पेव्हर ब्लॉकवर मागचा भाग सरळ वरखाली न होता बाजूला सरकायचा. ईस्टर्न फ्रीवेवर पुलाचा प्रत्येक सांधा मणक्यात मोजता यायचा. पण कंबर दुखते म्हणून काही मी या कामाला लागलो नाही. जीप आहे, दुखणारच. खरी अडचण कच्च्या वाटेवर होती. मुरबाडच्या पुढे ओढ्यातून वर चढणारी एक वाट आहे, तिथे गाडी तिरकी झाली की मागचं एक चाक हवेत जायचं. या गाडीला डिफरन्शियल लॉक नाही. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअर. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणजे हवेतल्या चाकाला जेवढा लागतो तेवढाच जमिनीवरच्याला. हवेतल्या चाकाला काहीच लागत नाही, ते नुसतं गरागरा फिरतं, आणि जमिनीवरचं चाक स्वस्थ उभं राहतं. फोर-बाय-फोरचा दांडा ओढला तरी पुढच्या बाजूला तोच खेळ. त्यामुळे अशा गाडीत पाटे वाकणं म्हणजे आराम नव्हे, पकड. चाक खड्ड्यात खाली उतरलं तरच जोर जमिनीला लागतो.

सुरुवात मोजमापाने केली. मागे प्रत्येक बाजूला अकरा पाटे निघाले. व्हर्नियर लावला तर नऊ पाटे ६ मिलिमीटर जाडीचे आणि दोन ८ मिलिमीटरचे. हेच ते वाढवलेले. रुंदी पावणेदोन इंच, म्हणजे साधारण ४५ मिलिमीटर, सगळ्यांची सारखी. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला काहीच वाटत नाही. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ चा घन २१६, ८ चा घन ५१२. म्हणजे एक जाडा पाटा सव्वादोन पातळ पाट्यांहून जास्त कडक. नऊ गुणिले २१६ म्हणजे १,९४४, त्यात दोन जाड्यांचे १,०२४. एकूण २,९६८. मूळ गाडीच्या दीडपट कडक, आणि तेही वजनाने मूळ गाडीइतक्याच असलेल्या गाडीवर.

मग वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून वजन घेतलं. काट्यावरच्या माणसाने आधी अर्धीच गाडी का मोजायची ते विचारलं, मग स्वतःच बाहेर येऊन मागची चाकं नीट मधोमध आहेत का ते पाहून दिलं. रिकाम्या गाडीचं मागचं वजन ५२० किलो भरलं. त्यातून हाऊसिंग (मागच्या आसाचं लोखंडी कवच), चाकं, ड्रम यांचं वजन वजा करायचं, कारण ते पाट्यांवर येत नाही. राहिलं एका बाजूला दोनशे किलोच्या आत. एवढ्या वजनाखाली पाटे किती बसतात, ते सगळ्यात महत्त्वाचं. पाट्याच्या टोकांना गुंडाळलेल्या दोन डोळ्यांच्या मध्ये दोरी ताणून मधली कमान गाडी उभी असताना मोजली आणि पुढे पाटे उतरवल्यावर पुन्हा मोजली. फरक, म्हणजेच पाट्यांची बसक, जेमतेम ३ सेंटिमीटर.

या आकड्यावरून गाडी कशी चालणार ते घरबसल्या कळतं. बसक सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याने ५ ला भागा. जे उत्तर येतं तितक्या वेळा गाडी सेकंदाला वरखाली होते. ३ सेंटिमीटरला उत्तर येतं २.९. आजच्या साध्या मोटारीत ते एक ते दीडच्या आसपास असतं. माझं लक्ष्य होतं दोन, म्हणजे बसक ६ सेंटिमीटर, म्हणजे कडकपणा निम्मा. दीडवर नेण्याचा मोह झाला होता. पण मग भरलेली गाडी रबर बफरवर जाऊन बसली असती.

आणखी एक परीक्षा केली. मागच्या एका चाकाजवळ हाऊसिंगखाली जॅक लावून ते चाक उचलत जायचं आणि दुसरं कुठलंही चाक जमीन सोडायच्या आत ते किती उंच जातं ते मोजायचं. आलं १४ सेंटिमीटर. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे तिथून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे तो हँडब्रेक बिनकामाचा होतो, कारण उचललेलं चाक उलटं फिरतं आणि गाडी खुशाल घरंगळते. शाफ्ट काढला तर विषयच संपला. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. आमच्या सोसायटीचं पार्किंग गेटाकडे उताराचं आहे, त्यामुळे हे मी फार मनापासून सांगतोय.

आता दुसरा सल्ला, गाडी उचलण्याचा. या जीपमध्ये पाटे हाऊसिंगच्या खालून जातात. ते हाऊसिंगच्या वर घेतले की गाडी एकदम चार-पाच इंच वर जाते आणि मोठे टायर बसतात. हौशी लोकांत हे फार चालतं. दिसतंही झोकदार. पण त्यासाठी हाऊसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, शाफ्टचा कोन बिघडतो, आणि ८० इंच व्हीलबेसची, अरुंद, आधीच उंच गाडी आणखी उंच होते. ओढ्यातल्या तिरक्या वाटेवर उलटायला तेवढं पुरे. आणि मूळ मुद्दा म्हणजे पाटे तेच राहिले तर कडकपणाही तोच राहतो. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी, लावण्याचंही तसंच. शॅकल दोन इंच लांब केलं की गाडी एक इंच वर येते, डिफरन्शियलचं तोंड फिरतं, आणि पाटा होता तेवढाच ताठ.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलांत परस्पर फेरफार करता येत नाहीत. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी केंद्राने जे नियम आणले, त्यांत ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नको, असं म्हटलंय. त्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. मी ती घेतलेली नाही, कारण मग गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशाच कामांना बाहेर काढता येते, आणि मला मुरबाडला जायचं असतं. पण पुढे कधी घ्यावीशी वाटली तर दार बंद नको. म्हणून ठरवलं की चेसिसला गॅस लागणार नाही, वेल्डिंगचा एक ठिपका पडणार नाही, जे काही होईल ते नटबोल्टवर उतरवून पूर्ववत करता आलं पाहिजे. म्हणजे उरलं एकच. पाटे.

पॅराबोलिक पाटे मिळतात का तेही पाहिलं. ते मधे जाड आणि टोकाकडे निमुळते असतात, संख्येने दोन-तीनच, आणि मधे फट ठेवल्यामुळे एकमेकांवर घासत नाहीत. ट्रकमध्ये आता सर्रास असतात. माझ्या मापाचे मिळाले नाहीत. ऑपेरा हाऊसला सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी केली. तिथल्या एका वयस्कर दुकानदाराने 'सीजे' हा शब्द ऐकल्यावर पंखा बंद केला, स्टूल पुढे सरकवला आणि शॅकलचे जुने, कागदात गुंडाळलेले, ग्रीस सुकून मेणासारखं झालेले दोन सेट काढून दिले. पाट्यांसाठी मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, "तयार घेऊ नका. पाटेवाल्याकडे उभं राहून करून घ्या."

गाडी खोलली कुर्ल्याला, सीएसटी रोडवरच्या एका गॅरेजात. तिथला दादा माझ्याच वयाचा, पण जीप त्याने वडिलांच्या हाताखाली केलेल्या. पाटे हाऊसिंगला आवळणारे यू-बोल्ट सोडवण्याचा प्रयत्नही त्याने केला नाही, सरळ गॅसने कापले. बरोबरच होतं. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरायचे नसतात, आणि मुंबईच्या पावसात इतकी वर्षं काढलेल्या नटांशी झटापट करण्यात अर्थ नसतो. फक्त कापताना ज्वाला पाट्यावर येऊ नये म्हणून त्याने मधे पत्र्याचा तुकडा धरला.

शॅकलला मात्र त्याने गॅस दाखवला नाही. या जुन्या रचनेत शॅकल इंग्रजी यू अक्षरासारखा असतो आणि त्याच्या दोन्ही पायांना आटे असतात. बुशही आट्यांचे, आणि सगळं ग्रीसवर फिरतं. त्यातले काही आटे उलटे असतात. ज्याला हे माहीत नाही तो नेहमीच्या दिशेने पाना लावतो आणि जोर लावून लावून काम आणखी घट्ट करून ठेवतो. दादाने आधी सगळं डिझेलमध्ये भिजवून रात्रभर ठेवलं, सकाळी बुशच्या डोक्यावर पितळी दांड्याने चार ठोके दिले आणि डावा शॅकल सोडवला. उजवा जागीच गोठला होता. ग्रीस भरायचं निप्पल रंगाच्या थराखाली गाडलेलं होतं. रंगाऱ्याने कधीतरी काळा रंग मारला आणि त्यानंतर तिथे ग्रीस गेलंच नाही. पाटा वाकतो तेव्हा लांब होतो आणि ती लांबी शॅकलच्या झुलण्यातून मिळते. शॅकल गोठला की पाट्याला वाकायला जागाच नाही. म्हणजे उजवी बाजू जाड पाट्यांशिवायही अर्धी बांधून घातलेली होती.

पाटे सुटे झाल्यावर जे दिसलं ते फोटो काढून ठेवण्यासारखं होतं. दोन पाट्यांच्या मधे गंजाचे पापुद्रे, बोटाने उचलले तर खपलीसारखे निघत होते. प्रत्येक पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्याच्या पोटात आडवी खाच पाडलेली, नख अडकेल एवढी खोल. टोकं चौकोनी कापलेली होती आणि त्यांच्या तीक्ष्ण कडा वर्षानुवर्षं तिथेच घासत राहिलेल्या. दादाने पाटे तारेच्या ब्रशने घासले, रॉकेलने पुसले, कोरडे केले आणि त्यांवर खडू फिरवला. थोड्या वेळाने एका जाड्या पाट्याच्या मधल्या भोकापासून कडेकडे केसासारखी एक ओली रेघ खडूतून वर उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. मूळ नऊमधल्या दोन पाट्यांवरही तशाच रेघा. इतका स्वस्त आणि इतका खरा तपास दुसरा नसेल.

पाटेवाले मामा वडाळ्याला, ट्रक टर्मिनलच्या बाजूला. मूळचे सांगलीकडचे, आयुष्य ट्रकच्या पाट्यांत गेलेलं. भट्टी, ऐरण, भिंतीला टेकवून ठेवलेले माणसाच्या उंचीचे पाटे, आणि जमिनीवर खडूने काढलेल्या कमानी. मी सात पाटे हवेत म्हटल्यावर ते माझ्याकडे न बघता जीपच्या पाट्यांकडेच बघत राहिले.

"सात कशाला? मागं माणसं बसवणार ना?"

"दोन. क्वचित तीन."

"आज तीन म्हणता. उद्या मेव्हण्याचं सामान शिफ्ट करायला नेणार. मग बसली की मामाच्या नावानं ओरडणार."

मेव्हण्याबद्दलचा त्यांचा अंदाज अगदी चुकीचा नव्हता. शेवटी तोड निघाली ती अशी: ६ मिलिमीटरचे सात पाटे कमानीत, आणि सगळ्यात खाली एक आखूड, जवळजवळ सपाट पाटा. रिकाम्या गाडीत तो मधे धरलेला असतो, पण त्याची टोकं वरच्या पाट्याला टेकत नाहीत. वजन वाढून वरची कमान बसली की टेकतात आणि तेव्हाच तो कामाला लागतो. ओझं नसताना मऊ, ओझ्याला कडक. मी कागदावर आणलेल्या हिशोबात हा पाटा नव्हता, आणि तो घातल्यामुळेच सातचा आकडा मला निर्धास्त वापरता आला. सात गुणिले २१६ म्हणजे १,५१२. आधीच्या २,९६८ च्या जवळपास निम्मे.

नऊचे सात करताना खालचे दोन उचलून बाजूला ठेवले की झालं, असं वाटतं. तसं करून चालत नाही. पाटे पायरीपायरीने आखूड होत जातात ते यासाठी, की ताण सगळ्या लांबीवर सारखा वाटला जावा. खालचे आखूड काढले तर मधे, नेमक्या सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ, ताण एकवटतो, आणि पाटा तिथेच मोडतो. म्हणून मामांनी पायऱ्या नव्याने आखल्या. मुख्य पाटा आणि त्याच्या डोळ्याला वेढणारा दुसरा पाटा ठेवले, धड असलेल्यांतले तीन नव्या मापाला कापले, आणि दोन नवीन केले.

नवीन पाट्यांचं काम बघण्यासारखं होतं. सिलिकॉन-मँगनीजचं स्प्रिंगचं पोलाद. लाल करून साच्यावर वाकवलं, पुन्हा तापवून तेलात बुडवलं. या अवस्थेत पाटा काचेसारखा असतो, ऐरणीवर आपटला तर तुटेल. मग तो पुन्हा भट्टीवर धरायचा. अंगाला लागलेलं तेल पेट घेतं. एका टोकाला लवकर पेटलं आणि दुसरीकडे नुसता धूर आला, तर मामा पाटा सरकवायचे. ज्योत सगळ्या लांबीवर एकसारखी फिरून विझली की बाहेर. कारखान्यात हीच गोष्ट साडेचारशे-पाचशे अंशांच्या भट्टीत मीटर बघून करतात. मामांच्या हातात मीटर नव्हतं, म्हणून मी नंतर दोन्ही पाट्यांवर आणि जुन्या मूळ पाट्यावर एकच कानस फिरवून पाहिली. घसरण सारखीच वाटली.

जुन्या पाट्यांना कमान चढवली ती मात्र थंडच. पाटा ऐरणीवर पालथा, एकजण सरकवणार, मामा घणाने ठोकणार. ठोके बोटभर अंतरावर आणि टोकाकडे जाताना हलके. दर थोड्या वेळाने पाटा जमिनीवरच्या खडूच्या रेघेवर ठेवून पाहायचा. शेजारच्या ट्रकवाल्याने गॅसने जरा शेकून घ्या, लवकर वाकेल, असं सुचवलं. मामांनी घण खाली ठेवला. "शेकला की पाणी उतरलं. आठ दिवसांत पुन्हा सपाट. तुझ्या गाडीला करून देऊ का?" तो गप्प झाला. कमान आधीपेक्षा जास्त द्यावी लागते हे इथे लक्षात घ्यायचं. मऊ पाटे जास्त बसणार, म्हणून मोकळी कमान तेवढी वाढवली नाही तर गाडी मागून खाली जाते.

टोकं त्यांनी माझ्या सांगण्यावरून गोल आणि निमुळती घासली. हे काम त्यांना नखरे वाटत होतं. पण पाटा वाकतो तेव्हा टोक वरच्या पाट्यावर सरकतं. ते अडकलं, घासलं, की लहान गचक्यांना पाटा हलतच नाही, सगळं एकच लाकूड झाल्यासारखं वागतं. टोकांखाली नायलॉनच्या पट्ट्या बसवल्या आणि मधे ग्राफाइटचं ग्रीस. माझ्या मते रस्त्यावर जो फरक जाणवला, त्यातला निम्मा या घासण्याचा आहे. दोन पाटे काढण्याला लोक काम म्हणतात, हे कुणी मोजत नाही.

बसवणं एका दिवसात झालं, त्याचं फार सांगत नाही. सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात नीट बसलंय ना ते पाहायचं, नाहीतर हाऊसिंग तिरकं राहतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते. नवे यू-बोल्ट तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे कसायचे, शेवटी टॉर्क रेंच. शॅकलचे बुश पूर्ण आत नेऊन थोडे मागे घ्यायचे, हाताने हलवलं की झुलले पाहिजेत, आणि ग्रीस पलीकडून बाहेर येईपर्यंत मारायचं.

कमान बदलल्यामुळे तीन गोष्टी पुन्हा पाहाव्या लागल्या. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसवरचे (सांध्यांवरचे) कोन सारखे राहायचे तर ट्रान्सफर केसचं तोंड आणि डिफरन्शियलचं तोंड समांतर हवं. मोबाइलचा अँगल मीटर दोन्ही फ्लँजला लावून पाहिला, दोन अंशांचा फरक आला. पाटा आणि बैठकीच्या मधे दोन अंशांची पोलादी पाचर घातली. दुसरं, मागच्या ब्रेकचा रबरी होज. चाक पूर्ण लटकवून पाहिलं तर तो सतारीच्या तारेसारखा ताणला. पूर्वी चाक एवढं खाली यायचंच नाही. लांब होज घातला. तिसरं, चेसिसखालचे रबर बफर. जुन्यांचे नुसते लोखंडी टिकले उरले होते.

शॉकअप सगळ्यात शेवटी घेतले, आणि तसेच घ्यावेत. पाटे पक्के झाल्याशिवाय शॉकअपचं माप ठरतच नाही. चाक पूर्ण वर ढकलून खालच्या आणि वरच्या पिनांमधलं अंतर मोजायचं, मग पूर्ण लटकवून. पूर्ण मिटलेला शॉकअप पहिल्या मापापेक्षा किमान दोन सेंटिमीटर आखूड हवा आणि पूर्ण उघडलेला दुसऱ्यापेक्षा लांब हवा. नाहीतर धक्का बफरऐवजी शॉकअपच्या तळावर बसतो, किंवा लटकणारं चाक शॉकअपच्या जिवावर टांगून राहतं. आधीचे कुठल्यातरी पिकअपचे होते, मिटायच्या टोकाला अडकणारे. दुकानात मला गॅसचे कडक शॉकअप गळ्यात मारायचा बराच प्रयत्न झाला. मऊ पाट्यांवर कडक शॉकअप लावले की कडकपणा दुसऱ्या दाराने आत येतो. साधे तेलाचे घेतले. तरीही त्यांना पाट्यांपेक्षा जास्त पैसे लागले. पाटे किलोवर विकले जातात.

निकाल असा. रिकाम्या गाडीची बसक ६ सेंटिमीटरला जराशी कमी, म्हणजे सेकंदाला साधारण दोन हेलकावे. मागचा भाग आधीपेक्षा दोन सेंटिमीटर खाली आला आणि गाडी पहिल्यांदा जमिनीला समांतर दिसली. जॅकच्या परीक्षेत चाक आता २२ सेंटिमीटरपर्यंत जातं, तेव्हा कुठे दुसरं चाक जमीन सोडतं. पेव्हर ब्लॉकवर मागचं सरकणं गेलं. फ्रीवेवर सांधे अजून कळतात, पण मोजता येत नाहीत. मुरबाडच्या ओढ्यात पूर्वी ज्या दगडावर डावं चाक हवेत जायचं, तिथे ते खाली उतरलं, टायर जरा घसरला आणि गाडी चढली. मागे बसलेल्या मित्राला काही विशेष घडलं असं वाटलंच नाही.

तोटेही आहेत. वळणावर गाडी आधीपेक्षा झुकते. अमर महालच्या पुलावर आता मी वेग आपणहून कमी करतो. मागे तिघं बसले की खालचा सपाट पाटा टेकल्याचा आवाज येतो, मऊ 'टप्' असा. लो गिअरमध्ये क्लच एकदम सोडला तर मऊ पाटे पिळतात आणि हाऊसिंग एक झटका देतं, म्हणून क्लच सावकाश सोडावा लागतो. मेव्हण्याचं कपाट नेलं तेव्हा बफरला दोनदा टेकली.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा कसले. प्रत्येक नट जवळजवळ पाव फेरा गेला, इतके नवे पाटे एकमेकांत बसले होते. हे कसणं राहून गेलं तर सेंटर बोल्ट तुटतो. शॅकलला दर महिन्याला ग्रीस, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडला की त्याच आठवड्यात. निप्पलवर मी रबरी टोप्या घातल्या आहेत, पुढच्या रंगाऱ्यासाठी.

मागचं मऊ झाल्यामुळे आता पुढचं किती कडक आहे ते कळू लागलंय. खड्ड्यात पुढची चाकं आदळतात आणि मागची मुकाट्याने मागून येतात. पुढे पाटे आखूड आहेत, इंजिनचं वजन आहे, आणि स्टिअरिंगची सळई तिथेच जोडलेली असल्यामुळे पाटा हलला की चाकही जरा वळतं, तेव्हा हिशोब मागच्यासारखा सरळ नाही. मोजून झालंय. पुढेही एका बाजूला एक ८ मिलिमीटरचा निघाला आहे. मामांना फोन केला तर म्हणाले, पाऊस संपू दे, मग आणा, आणि येताना तो मागचा चिरलेला जाडा पाटा घेऊन या, त्याची चांगली पहार होईल.